मुलांचा ताबा आणि पोटगी : विभक्त होणाऱ्या पालकांसाठी कायद्याची ओळख

'पोटगी देत नाही, म्हणून मुलाला भेटू देणार नाही' आणि 'मुलाला भेटू देत नाही, म्हणून पोटगी देणार नाही' ही दोन वाक्ये कौटुंबिक न्यायालयांच्या आवारात नेहमी ऐकू येतात. कायद्याच्या दृष्टीने ती दोन्ही चुकीची आहेत. पोटगी हा मुलाच्या पोषणाचा प्रश्न आहे आणि भेट हा त्याच्या सहवासाचा. एकाची थकबाकी दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. तरीही घटस्फोटाच्या भांडणात या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध शस्त्रासारख्या वापरल्या जातात आणि त्याची किंमत जो वादी नाही आणि प्रतिवादीही नाही असा तिसराच जीव मोजतो.

विवाह संपवण्याच्या अनेक वाटा कायद्यात आहेत. आई-वडील असण्यातून मोकळे होण्याची वाट मात्र त्यात नाही. त्यामुळे घटस्फोट, मुलाचा ताबा आणि मुलाची पोटगी हे तीन स्वतंत्र विषय आहेत, हे आधी समजून घ्यावे लागते. घटस्फोटाचा दावा फेटाळला गेला तरी मुलाला पोटगी मिळू शकते. घटस्फोट न मागताही ताब्याचा अर्ज करता येतो. आणि घटस्फोट झाल्यावर बऱ्याच वर्षांनीही ताब्याचा आदेश बदलू शकतो.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

आपल्याकडे विवाहाचा कायदा धर्मानुसार बदलतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा, ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा आणि पारशी समाजाला १९३६ चा स्वतंत्र कायदा आहे. मुस्लिम स्त्रियांना १९३९ च्या कायद्यानुसार न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागता येतो. गोव्यात पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेला दिवाणी कायदा विवाह आणि घटस्फोटाला लागू आहे. तेथे नोंदलेल्या विवाहाबाबत महाराष्ट्रातील वकिलाने सांगितलेले नियम जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही.

मुलाच्या ताब्याबाबत मात्र सर्वांना समान असा एक जुना कायदा आहे. तो म्हणजे १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. हिंदूंसाठी त्याला १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याची जोड आहे. कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती.

हे वाद चालवण्यासाठी १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. मुंबईचे कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. या न्यायालयात आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्यच मानले आहे, आणि त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. सुनावणी बंद दालनात घेता येते. वकील देण्याचा हक्क येथे आपोआप मिळत नाही, तो न्यायालयाच्या परवानगीने मिळतो. प्रत्यक्षात परवानगी सर्रास दिली जाते. ज्या भागात कौटुंबिक न्यायालय नाही तेथे हेच दावे दिवाणी न्यायालयात चालतात.

दावा कोठे दाखल करायचा, यावर अनेकांची गल्लत होते. हिंदू विवाह कायद्यानुसार विवाह झाला ते ठिकाण, पती-पत्नी शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण यांपैकी कोठेही दावा करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती स्वतः राहते तेथेही दावा करण्याची मुभा मिळाली. पालक आणि पाल्य कायद्याखालील ताब्याचा अर्ज मात्र मूल सामान्यतः जेथे राहते तेथेच करावा लागतो. सासर नाशिकला, माहेर सोलापूरला आणि मूल आईजवळ सोलापूरच्या शाळेत, अशी स्थिती असेल तर वडिलांना सोलापूरला जावे लागते.

घटस्फोटाच्या वाटा

मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच झाला होता; बडोदा संस्थानात तो त्याआधी, १९३१ मध्ये आला. देशभरातील हिंदूंना हा मार्ग १९५५ मध्ये खुला झाला. त्या कायद्यात क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मनोविकार अशी कारणे दिलेली आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. विवाहाला एक वर्ष पूर्ण होण्याआधी दावा करायचा असेल तर असाधारण हालअपेष्टा झाल्याचे न्यायालयाला पटवून द्यावे लागते.

परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आली. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागतात. संयुक्त अर्ज केल्यावर सहा महिने थांबावे लागते आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करावा लागतो. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. सहा महिन्यांची ही अट बंधनकारक नसून योग्य प्रकरणात ती शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्यासाठी घातलेल्या अटींकडे सहसा लक्ष जात नाही. समेटाचे सर्व प्रयत्न संपलेले असावेत, तसेच पोटगी, मुलाचा ताबा आणि इतर वाद खऱ्या अर्थाने मिटलेले असावेत. मुलाचा प्रश्न 'नंतर बघू' म्हणून ठेवणाऱ्या जोडप्याला ही सवलत मागणे अवघड जाते.

विवाह कायमचा मोडकळीस आला आहे, एवढेच कारण हिंदू विवाह कायद्यात अजूनही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये या कारणावरून घटस्फोट देण्याचा अधिकार आपल्याला असल्याचे सांगितले. तो अधिकार कौटुंबिक न्यायालयाला नाही. ख्रिस्ती दांपत्यांना परस्पर संमतीचा मार्ग २००१ च्या दुरुस्तीने मिळाला. पारशी विवाहांच्या खटल्यांत समाजातून निवडलेले प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात, ही ज्यूरीची आठवण करून देणारी पद्धत अजून टिकून आहे.

काडीमोडीबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. काही समाजांत जातपंचायतीसमोर किंवा लेखी फारकत घेऊन विवाह मोडण्याची रूढी होती. हिंदू विवाह कायद्याने अशी रूढी मान्य केली आहे. पण ती त्या समाजात प्राचीन आणि अखंडित आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध न झाल्यास मुद्रांक कागदावर लिहून नोटरीकडे नोंदवलेला फारकतनामा म्हणजे घटस्फोट नव्हे. अशा कागदाच्या भरवशावर दुसरा विवाह केला तर तो रद्दबातल ठरतो. त्या संबंधातून झालेल्या मुलांना कायद्याने औरस मानले आहे आणि पोटगीचा हक्कही दिला आहे. परंतु ते सिद्ध करण्यात त्यांची आई वर्षानुवर्षे खर्ची पडते.

पालक कोण, ताबा कोणाचा

पालकत्व आणि ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलाच्या वतीने सही करण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा, त्याच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार म्हणजे पालकत्व. मूल प्रत्यक्षात कोणाच्या घरी झोपते, कोण त्याला शाळेत सोडते, हा ताब्याचा प्रश्न.

१९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते. बँकेने वडिलांच्या सहीचा आग्रह धरला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' एवढाच नसून 'त्यांच्या अनुपस्थितीत' असाही आहे, असा निर्णय दिला. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील, तर ते हयात असतानाही आई पालक ठरते. अविवाहित मातेला मुलाच्या वडिलांचे नाव न सांगता, त्यांना नोटीस न देता पालकत्व मागता येते, हे २०१५ मध्ये मान्य झाले. कायद्यातील मूळ शब्द मात्र अजून तेच आहेत. सात दशके होत आली तरी ते बदलावेत असे संसदेला वाटलेले नाही.

मालमत्तेच्या बाबतीत सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे लिहिलेले 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता' हे शब्द अनेकांनी पाहिलेले असतात. तेथे नाव आहे म्हणून वडील किंवा आई मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन वा सदनिका विकू शकत नाहीत. त्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीविना झालेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकते. घटस्फोटाच्या तडजोडीत मुलाच्या नावे घर करून देताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ताब्याबाबत कायद्याचे सूत्र एकच आहे : मुलाचे हित सर्वोपरी. आईचा हक्क किंवा वडिलांचा हक्क त्यानंतर येतो. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे हिंदू कायदा म्हणतो. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की, इतक्या लहान मुलाची आई अयोग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर आहे. आपण योग्य आहोत हे आईने सिद्ध करत बसायचे नाही. हनफी मुस्लिम कायद्यात 'हिजानत' या संकल्पनेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे असतो. तिहेरी तलाकविरोधी २०१९ च्या कायद्यानेही अशा पत्नीला अज्ञान मुलांचा ताबा मागण्याचा हक्क दिला आहे. या सर्व नियमांवर मुलाच्या हिताचे सूत्र वरचढ ठरते. पाच किंवा सात वर्षे पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जाते, हा समज खोटा आहे.

न्यायालय हित कसे ठरवते? मुलाचे वय, शाळा, तब्येत, आजवर त्याची रोजची काळजी कोणी घेतली, घरात दिवसभर कोण असते, भावंडे एकत्र राहतील का, या गोष्टी पाहिल्या जातात. मुलाची समज पुरेशी असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. त्यासाठी न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. मूल 'शिकवून' आणलेले आहे का, हे त्यांच्या सहसा लक्षात येते. ज्याच्याजवळ मूल राहते तो पालक त्याच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवू शकतो, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ च्या एका निकालात घेतली आहे.

जास्त पगार हा ताब्याचा निकष नाही. पैसे कमी पडत असतील तर त्यावर पोटगी हा उपाय आहे. त्याचप्रमाणे पत्नी म्हणून एखाद्या स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप असला, तरी तेवढ्याने ती आई म्हणून अपात्र ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नमूद केले. आरोपांच्या भरात मुलाच्या पितृत्वावरच शंका घेऊन डीएनए चाचणीची मागणी करण्याचे प्रकार घडतात. पुण्यात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही मागणी फेटाळली. मूल वैवाहिक काळात जन्मलेले असताना, पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्याचे साधन म्हणून त्याला चाचणीसाठी उभे करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

आईच्या मृत्यूनंतर मूल मावशी-मामांकडे वाढत असेल तर? महाराष्ट्रातील अशा एका प्रकरणात वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका केली आणि मूल त्यांच्याकडे देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. ज्यांच्याकडे मूल आहे त्यांना ते ठेवण्याचा कायदेशीर अधिकार नसेल तर हा जलद मार्ग उपलब्ध आहे. मात्र सविस्तर पुरावा तपासण्याची गरज असेल तेथे उच्च न्यायालय पालक आणि पाल्य कायद्याकडेच बोट दाखवते.

भेटीचे वेळापत्रक

ताबा एकाला मिळाला की दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळतो. न्यायालयाच्या आवारात याला सगळे 'अॅक्सेस' म्हणतात. सुरुवातीला भेट न्यायालयातच, समुपदेशकांच्या देखरेखीखाली होते. ओळखीचे खेळणे, खाऊचा डबा आणि तासाभराची मुदत. पुढे विश्वास वाढला की रविवार, मग मुक्काम, मग सुटीचे काही दिवस, अशी वाढ होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात व्हिडिओ कॉलवरून संपर्काचाही पुरस्कार केला. दुसऱ्या शहरात किंवा देशात राहणाऱ्या पालकाला मुलाशी शक्य तितक्या वेळा बोलता यावे, असे त्यात म्हटले आहे.

मुलाचा ताबा दोघांना संयुक्तपणे देण्याची स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यांत नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये तशी शिफारस केली होती. परस्पर संमतीने ती व्यवस्था ठरवण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही, आणि येथे तडजोडीच्या मसुद्याला फार महत्त्व येते. 'वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील' असे एक मोघम वाक्य लिहून बहुतेक मसुदे मोकळे होतात. भांडण तेथेच पेरले जाते. दिवाळीच्या सुटीचे कोणते दिवस कोणाकडे, मे महिन्याची सुटी कशी वाटायची, गणपतीत मूल आजी-आजोबांकडे जाणार का, नेणे-आणणे कोण करणार, मूल आजारी असल्यास हुकलेली भेट कधी भरून काढायची, शाळेच्या पालकसभेला दोघांनाही जाता येईल का, पासपोर्ट कोणाकडे राहील, शहर बदलायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, हे सारे तारखा-वेळांसह लिहिलेले असावे. वकिलांना हा तपशील कंटाळवाणा वाटतो. पुढची दहा वर्षे तो कागद ज्यांना वापरायचा आहे त्यांनी आग्रह धरावा.

ताब्याचा कोणताही आदेश अंतिम नसतो. मूल मोठे झाले, पालकाची बदली झाली, पुनर्विवाह झाला, घरात छळ होऊ लागला, तर आदेश बदलून मागता येतो. केवळ पुनर्विवाह केला म्हणून ताबा जात नाही. घरात हिंसाचार असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात, आणि भेटीमुळे मुलाला धोका असेल तर ती नाकारूही शकतात.

पोटगी : किती, कोणी, कधीपासून

मुलाची पोटगी मागण्याचे अनेक दरवाजे आहेत. सर्व धर्मांसाठी खुला असलेला दरवाजा म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पूर्वी या कलमाखाली दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ मध्ये रद्द झाली. औरस असो वा अनौरस, अज्ञान मुलाला हा हक्क आहे. शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलालाही तो आहे. घटस्फोटित मुस्लिम आईजवळ राहणाऱ्या मुलांचा हा हक्क स्वतंत्र असून १९८६ च्या कायद्याने तो कमी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले.

घटस्फोटाचा दावा सुरू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते, हे तारखा घेतलेल्या कोणालाही विचारावे. शिवाय १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. त्यानुसार अविवाहित मुलगी सज्ञान झाली तरी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर विवाहापर्यंत वडिलांकडून पोटगी मागू शकते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलाला अठराव्या वर्षानंतर अशी थेट तरतूद नाही. अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणाचा खर्च नेमका अठराव्या वर्षीच सुरू होतो. म्हणून उच्च शिक्षणाचा वाटा तडजोडीतच लिहून घेणे शहाणपणाचे.

रकमेचे ठरलेले कोष्टक कायद्यात नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम रास्त मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका प्रकरणात म्हटले. तेव्हापासून तो आकडा सर्वांच्या तोंडी बसला. पण तो नियम नाही. उत्पन्न, जबाबदाऱ्या, घराचे हप्ते, मुलाच्या शाळेची फी, आजारपण आणि आधीचे राहणीमान पाहून रक्कम ठरते. आई कमावती असेल तर तिनेही वाटा उचलावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मुलांच्या खर्चाची वाटणी वडिलांचे दोन वाटे आणि आईचा एक वाटा अशी केली होती, कारण उत्पन्नाचे प्रमाणच साधारण तसे होते. आई पदवीधर आहे, नोकरी करू शकते, एवढ्यावर मात्र पोटगी नाकारता येत नाही. कमावण्याची क्षमता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे यांत फरक आहे. धडधाकट वडिलांना 'मला काम नाही' हे उत्तर देता येत नाही. अंगमेहनत करून का होईना, मुलांना पोसावे लागेल, असे २०२२ मध्ये बजावण्यात आले.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या प्रकरणातून आला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने एका पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि मुलाला आधी पाच व नंतर दहा हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली होती. अर्ज २०१३ चा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचून ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला, तेव्हा जन्मापासूनच या वादात अडकलेला तो मुलगा शाळेत जाऊ लागण्याच्या वयाचा झाला होता. 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालाने देशभरासाठी काही नियम घातले. पोटगी मागणारा आणि देणारा, दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यावे लागते. पगारपत्रके, प्राप्तिकर विवरणपत्रे, बँकेची खातेवही, सारे त्यात येते. पोटगी निकालाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी लागते. वेगवेगळ्या कायद्यांखाली अर्ज करता येतात, पण आधीचा आदेश लपवता येत नाही; नंतरच्या न्यायालयाने आधीची रक्कम वळती करून घ्यायची असते.

या शपथपत्रामुळे लपवाछपवी थांबली असे कोणी म्हणणार नाही. रोखीचा धंदा, भावाच्या नावावरचे दुकान, अर्ज दाखल होताच सोडलेली नोकरी, या युक्त्या जुन्याच आहेत. पण खोट्या शपथपत्राबद्दल कारवाईची तरतूद आहे, आणि मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या, कर्जाचे हप्ते, गाडीची नोंदणी, परदेशवारीची तिकिटे अशा कागदांवरून न्यायालय उत्पन्नाचा अंदाज बांधू शकते. म्हणून ज्याच्याकडे मूल आहे त्याने पावत्या जपून ठेवाव्यात. भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या याद्यांपेक्षा त्या अधिक कामास येतात.

परस्पर संमतीच्या तडजोडीत 'मी मुलासाठी काहीही मागणार नाही' असे आईकडून लिहून घेण्याची प्रथा आहे. लवकर सुटका व्हावी म्हणून अनेकजणी त्यावर सही करतात. पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईच्या सहीने तो संपत नाही. परिस्थिती बदलल्यास मुलाच्या वतीने पुन्हा अर्ज करता येतो. पोटगीत दरवर्षी किती वाढ व्हावी, हेही सुरुवातीलाच ठरवलेले बरे. पहिलीतल्या मुलासाठी ठरलेली रक्कम दहावीत पुरत नाही. वाढ ठरली नसेल तर परिस्थितीतील बदलाचा आधार घेऊन ती मागता येते. उत्पन्न खरोखर घटले असेल तर देणाऱ्यालाही कपात मागण्याची मुभा आहे. अर्ज न करता स्वतःच रक्कम कमी करण्याची नाही.

थकबाकीची वसुली

पोटगीचा आदेश मिळणे आणि पैसे हातात पडणे यांत मोठे अंतर असते. कलम १४४ खालील आदेश पाळला नाही तर न्यायालय वसुलीचे वॉरंट काढते आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत तुरुंगवास देऊ शकते. तुरुंगात गेल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. या मार्गाने वसुली मागायची असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करणे आवश्यक आहे. 'देईल पुढच्या महिन्यात' म्हणत दोन-तीन वर्षे थांबलेल्यांना या कलमाखाली मागील वर्षांची रक्कम गमवावी लागते. नोकरदाराच्या बाबतीत पगाराची जप्ती हा सर्वांत परिणामकारक उपाय. साध्या कर्जापेक्षा पोटगीच्या हुकूमनाम्यात अधिक पगार जप्त होऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो.

खर्चाची भीती असलेल्यांसाठी, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महिलांना महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्काची माफीही आहे.

एक पालक परदेशात असेल तर

पुण्या-मुंबईतील असंख्य घरांचे एक टोक अमेरिकेत किंवा इंग्लंडात असते, त्यामुळे हा प्रश्न आता अपवादात्मक राहिलेला नाही. भारतात हिंदू पद्धतीने विवाह झाला असेल आणि परदेशी न्यायालयाने तेथील कायद्यातील कारणावरून एकतर्फी घटस्फोट दिला असेल, तर तो येथे सहसा मान्य होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले. दुसऱ्या पक्षाने त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वेच्छेने मान्य करून बाजू मांडली असेल तर चित्र वेगळे असते. म्हणून परदेशातून आलेल्या नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

मूल परदेशातून भारतात आणले, किंवा सुटीसाठी आणलेले मूल परत पाठवलेच नाही, तर वाद अधिक बिकट होतो. बालअपहरणाच्या दिवाणी बाबींसंबंधीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. परदेशी न्यायालयाने मूल परत पाठवण्याचा आदेश दिला असला तरी भारतीय न्यायालय तो यांत्रिकपणे अमलात आणत नाही; मुलाचे हित कशात आहे, हे स्वतः तपासते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये ही भूमिका घेतली. तरीही २०२० च्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अमेरिकेतून मुलीला घेऊन आलेल्या आईला मुलीसह परत जाण्यास सांगितले. या वादात काळ कोणाच्या बाजूने जातो, हे उघड आहे. मूल येथील शाळेत, येथील भाषेत आणि आजी-आजोबांत जितके रुजेल तितके त्याला परत पाठवणे न्यायालयाला कठीण वाटते. त्यामुळे मूल इथे ठेवू इच्छिणारा पालक तारखा लांबवतो, आणि तिकडे बसलेल्या पालकाने पहिल्या काही महिन्यांतच उच्च न्यायालयात धाव घेतली नाही तर त्याची बाजू दिवसेंदिवस कमकुवत होत जाते.